एकोणीसशे विसावा धागा

“म्हंजे बेलगीत कायच तयार होत न्हाई, असं तुझा कागद म्हनतो?”

अप्पांनी सुताचा रहाट न थांबवता विचारलं.

“अगदी शून्य नाही म्हणत, अप्पा. पण जवळपास शून्यच,” गिरमल लिगाडे म्हणाला. “साठ शहरं मोजली. बेलगी साठावी.”

रहाटावर सूत गुंडाळून अप्पांची कांडी भरली होती. ती काढून त्यांनी टोपलीत टाकली आणि दुसरी चढवली.

“हं,” ते म्हणाले.

बेलगीचा मठ विणकरांचा. तिथं देवघरापेक्षा माग जुना आहे. अप्पा त्या मठाचे स्वामी, वय ऐंशीच्या पुढे. गादी आहे, पण तिच्यावर ते सणासुदीलाच बसत. एरवी मागाच्या दालनात जमिनीवर बसून कांड्या भरत. लांबून लांबून माणसं मोठमोठे प्रश्न घेऊन यायची. अप्पा ऐकून घेत, रहाट फिरवत राहत, आणि बऱ्याच जणांना उत्तराशिवायच परत जावं लागे. तरी माणसं पुन्हा यायची.

गिरमल काही प्रश्न घेऊन आला नव्हता. निदान त्याची तशी समजूत होती.

राज्याच्या सांख्यिकी कार्यालयात तो मोठा अधिकारी होता. राज्य वर्षाला किती कमावतं हे सरकारला ठाऊक होतं, जिल्ह्याचंही ठाऊक होतं. पण एकेका शहराचं विचारलं की सगळे अंदाजपंचे बोलायचे. गिरमलनं त्यासाठी एक पद्धत बसवली. कार्यालयात तिला ‘लिगाडे पद्धत’ म्हणू लागले. पहिल्यांदा दुसरे म्हणायचे, मग हळूहळू तोही म्हणायला लागला.

साठ शहरांची पहिली यादी तयार होती. आज पाचच्या आत जिल्ह्याच्या कचेरीत बसून तिच्यावर सही करायची आणि ती मुंबईला धाडायची, एवढंच उरलं होतं. पुढच्या महिन्यात दिल्लीत तो ही पद्धत समजावून सांगणार होता. वाटेत बेलगी लागते म्हणून जीप मठाकडे वळवली, असं तो ड्रायव्हरला म्हणाला. खरं तर बेलगी वाटेत लागत नाही.

त्याला अप्पांचा आशीर्वाद हवा होता. आणि आतून थोडी धास्तीही होती.

दहाव्या वर्षी तो या मठाच्या वसतिगृहात आला तो लांबच्या कोरड्या मुलखातून. चार वर्षं राहिला. बेलगीच्या घराघरांतून मूठमूठ ज्वारी यायची, तिच्या भाकरीवर तीस पोरं वाढत. आकडे त्याला अप्पांनी शिकवले, चिंचोक्यांवर. मोजताना चुकलं तर अप्पा रागवत नसत, कान धरत नसत. मोजलेले चिंचोके पुन्हा ढिगात ढकलून एवढंच म्हणत, “परत एकापासनं.” कधीकधी शेवटच्या दहा-पंधरा चिंचोक्यांवर येऊन चुकायचं, तेव्हा पोराला रडू फुटायचं. अप्पा तेव्हाही तेच म्हणत.

“कसं मोजलंस?” अप्पांनी आता विचारलं.

गिरमल सावरून बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“जिल्ह्याचा आकडा आधीपासून आहे. अडचण वाटणीची होती. कुठल्या शहरात किती हात आहेत आणि ते काय बनवतात, एवढं कळलं की त्या शहराचा वाटा निघतो. म्हणून घरोघर माणसं पाठवली. तीनच प्रश्न दिले. काय काम करता? ते काम कुणी केलं? कुठं केलं?”

“किती मानसं?”

“साडेसहाशे. पण पद्धत माझी.”

“म्हंजे साठ गावं तू मोजलीस.”

“हो,” गिरमल म्हणाला.

रहाट कुरकुरत फिरत राहिला. मागाच्या पलीकडे कुणीतरी खोकलं. गिरमलनं तिकडे पाहिलं. एक साठीची बाई पाठमोरी बसली होती, पदर कमरेला खोचलेला, मान खाली. इतका वेळ ती तिथं होती हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“बेलगीनं काय सांगितलं?” अप्पांनी विचारलं.

“पुरुष रुकमापूरला मागावर जातात, ते रुकमापूरकडे धरलं. राहिल्या बायका. त्या म्हणतात, काही नाही.”

“काय न्हाई?”

“काय काम करता, तर काही नाही. चार हजार घरं, अप्पा. मला माझ्याच माणसांचा संशय आला, म्हणून मी स्वतः चाळीस घरं फिरलो. प्रत्येक पडवीत ताणे पसरलेले. मी काही आंधळा नाही. विचारलं, हा ताणा कुणाचा? रुकमापूरच्या अमक्याचा. सांधला कुणी? त्यानंच. अर्धा सांधलेला समोर दिसतोय, विचारलं, उरलेला कोण सांधणार? म्हणे, ज्याचा हाय त्यो. मग रुकमापूरला गेलो. मागवाल्यांना विचारलं, तुमचा ताणा कोण सांधतं? छातीवर हात ठेवून म्हणाले, आम्ही. दोन्हीकडून साक्ष एकच. मग मी दुसरं काय लिहिणार?”

ज्याला मागाची माहिती नाही त्याला एवढं सांगायला हवं. ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. कापड विणून संपत आलं की फणीतून जुन्या ताण्याची टोकं लोंबत राहतात. ती टाकून द्यायची नसतात. प्रत्येक टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडायचा, म्हणजे नवा ताणा जुन्याच्या मागोमाग फणीतून सरकत येतो. हे सांधणं झालं नाही तर सगळे धागे एकेक करून नव्यानं ओवत बसावं लागतं आणि माग आठवडाभर मुका होतो. रुकमापूरच्या मागांचे ताणे रोज सकाळी टेंपोतून फणीसकट अठरा किलोमीटरवर बेलगीला येतात, आणि दिवस कलला की परत जातात. रुकमापूरच्या कापडावर रुकमापूरचा शिक्का बसतो, आणि रुकमापूर त्या यादीत नववं आलं होतं.

“खोटं बोलल्या म्हनतोस?” अप्पांनी विचारलं.

“नाही. खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. त्या खरंच बोलत होत्या, हेच तर…”

तो थांबला. 

“आनी शेवटाला आलं की त्या गावाचं काय हुतं?”

गिरमलनं आवाज खाली आणला.

“शेवटच्या दहा शहरांत सरकार यापुढे फार काही ठेवणार नाही. जिथं काही बनत नाही तिथं खर्च कशाला, असा विचार आहे. बेलगीचा दवाखाना रुकमापूरला हलवतील. बाळंतपणाची खोली, डॉक्टरीणबाई, सगळंच.”

“कवा?”

“माझी सही झाली की दोन-तीन महिन्यांत.”

मागापलीकडची बाई हलली नाही. तिच्या बोटांचं काम तसंच चालू राहिलं. ती जुनं टोक उचलायची, नवा धागा उचलायची, धागा निसटू नये म्हणून बोटं राखेत टेकवायची आणि दोन्ही धागे एकमेकांत पिळून टाकायची. बघणाऱ्याला गाठ कधी बसली ते कळत नव्हतं.

“निंगव्वा,” अप्पांनी हाक मारली. “सून कशी हाय?”

“दवाखान्यात ठेवलीया, अप्पा,” ती मान न वळवता म्हणाली. “अडलीया जरा. पर डॉक्टरीनबाई म्हनल्या, आज न्हाई तर उद्या मोकळी हुईल. जवळ हाय म्हनून बरं. टेंपोनं न्हेली असती तर वाटंतच गेली असती.”

“पोरगं संगं हाय का?”

“हाय. मी म्हनलं, मठाचा ताना हाय, तेवढा करून येते.”

दालनात फक्त रहाटाचा आवाज राहिला.

गिरमलला ते असह्य झालं. अप्पांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं, कारण त्याची उत्तरं तयार होती. न विचारलेल्या गोष्टीचंच उत्तर त्यानं दिलं.

“अप्पा, मी या गावचं अन्न खाल्लंय. विसरलेलो नाही. इकडचा आकडा तिकडे केला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. दुसऱ्या गावांचे पुढारी येऊन बसले होते माझ्या दारात, त्यांनाही मी हाकललं. मी कुणाची बाजू घेतली नाही. या गावाचीही नाही. जे आहे तेवढंच मोजायचं, हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं की,” अप्पा म्हणाले.

“मग माझं काय चुकलं?”

“मी म्हनलो चुकलं म्हनून?”

“…नाही.”

“तुझा पगार कुठल्या गावात धरलाय?”

“मुंबईत.”

“बेलगीत न्हाई?”

गिरमलला हसू आलं. “मी बेलगीत काय करतो, अप्पा?”

“व्हय,” अप्पा म्हणाले. “काय न्हाई.”

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. पण चाळीस घरांतून ऐकलेले तेच दोन शब्द पुन्हा कानावर पडले आणि गिरमलचं हसू मावळलं. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. चार वर्षांच्या भाकरींचा हिशेब यादीत कुठं बसला असता, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्यानं तो झटकला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर वेळेचा पक्का होता.

“निघतो,” गिरमल म्हणाला, पण उठला नाही. “एक काम मात्र राहिलंय. मठ म्हणजे घर नव्हे, म्हणून आमच्या माणसांनी मठाचा फॉर्म भरलाच नव्हता. इथंही माग आहे. सहीच्या आधी तेवढा भरून टाकतो. माझ्या कामात एक घरसुद्धा सुटलेलं मला चालत नाही.”

“भर की,” अप्पा म्हणाले. “पर ताना हुं दे. हातातलं काम टाकून जबाब द्यायचा नसतो.”

“किती राहिलाय?”

उत्तर निंगव्वानं दिलं. “चाळीसेक धागं असतील, साहेब.”

“एकूण किती?”

“एकोनीसशे ईस.”

“मोजले होते?”

“न मोजता कसं सांधायचं? पयला फटफटायच्या आत घेतला. मोजतच आले.”

मोजणारं माणूस भेटलं की गिरमलला नेहमीच बरं वाटायचं. तो उठून मागाच्या पलीकडे गेला आणि पहिल्यांदाच तिचं काम नीट पाहिलं. वसतिगृहाच्या पोरांना या दालनात येऊ देत नसत. पोरं धाग्यांना हात लावतात आणि गुंता करतात, म्हणून. चार वर्षं तो भिंतीपलीकडे रहाट ऐकत राहिला होता, पण सांधणं त्यानं पाहिलं नव्हतं.

तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला मऊ कातडी उरली नव्हती. तिथं गुळगुळीत, चकचकीत घट्टा होता. राखेची डबी मांडीशी ठेवलेली होती. पाठ भरून आली की ती क्षणभर डोळे मिटायची, पण बोटं थांबवायची नाही.

“किती वर्षं करताय हे?”

“काय?”

“हे… सांधणं.”

ती गोंधळल्यासारखी झाली. अप्पांकडे पाहून पुन्हा धाग्यांकडे वळली.

चाळीसाचे तीस झाले, तिसाचे दहा. गिरमल मनातल्या मनात मोजत होता. चार. तीन. दोन.

एक धागा उरला तेव्हा निंगव्वानं हात आखडले. डबीचं झाकण लावलं. पदरानं बोटं पुसली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिची जागा मोकळी झाली.

“हा राहिला की,” गिरमल म्हणाला.

तिनं अप्पांकडे पाहिलं.

अप्पांनी रहाट थांबवला. गिरमल आल्यापासून पहिल्यांदाच. “माग माझा हाय,” ते म्हणाले. “शेवटची गाठ माझी. पर आज माझ्या जागी तू मार.”

“मला कुठं जमतंय, अप्पा?”

“एकच तर हाय.”

गिरमल त्या बसक्या पाटावर बसला. गुडघे कुठं ठेवावेत ते कळेना. जुनं टोक हातात आलं, तर नवा धागा निसटला. नवा धरला, तर जुना फणीत मागे सरकला. निंगव्वानं पुढे होऊन न बोलता राखेची डबी उघडली आणि पुन्हा भिंतीशी गेली. त्यानं बोटं राखेत बुडवली. पिळायला गेला तर पीळ उलगडला. तीन वेळा, चार वेळा. कपाळावर घाम आला. शेवटी त्यानं पिळायचं सोडून दिलं आणि बुटाच्या नाडीला मारतात तशी साधी गाठ मारली. ती बाकीच्या गाठींपेक्षा जाडजूड दिसत होती.

“झालं,” तो म्हणाला. त्याला उगीचच आनंद झाला होता.

“आता काढ तुझा कागद,” अप्पा म्हणाले. “इचार हिला.”

गिरमलनं फाईलमधून फॉर्म काढला, पेन उघडलं. सवयीनं त्याचा आवाज सरकारी झाला.

“काय काम करता?”

“काय न्हाई,” निंगव्वा म्हणाली.

“हा ताणा कुणी सांधला?”

“तुमी, साहेब.”

पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथंच राहिलं.

“कुणी?”

“तुमी.”

तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, लाचारी नव्हती. पडवीत उभ्या असलेल्या चाळीस बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं तेच तिच्याही चेहऱ्यावर होतं. ती खरं बोलत होती.

“अहो, मी एक गाठ मारली. तीही वाकडी. पहाटेपासून तुम्ही बसलाय इथं.”

“व्हय.”

“मग?”

आता ती अवघडली. लहान पोराला माहीत असलेली गोष्ट साहेबाला सांगायची, म्हणजे साहेबाचा अपमान होईल असं तिला वाटलं असावं.

“साहेब, तान्याला एकच धनी लागतो. दोन झालं तर त्यो मागावर टिकत न्हाई, रोज तुटतो. म्हनून शेवटचा धागा आमी सोडतो. ताना माघारी गेला की ज्याचा माग हाय त्यो सांजचं बसतो, तेवढी गाठ मारतो. मग ताना त्यानंच सांधला. आमी सांधला असं तोंडातनं काढायचं न्हाई. काढलं तर त्याच्या पोटावर पाय आला. माझी सासू असंच करायची, तिची सासूबी. आमच्यात समदी असंच करत्यात.”

“चार हजार घरांत?”

“मी काय मोजली न्हाईत साहेब. तुमी मोजलीसा.”

गिरमल पाटावर बसून राहिला.

त्याच्या समोर एकोणीसशे वीस गाठी एका ओळीत होत्या. त्यांतली एक त्याची होती आणि ती त्याला दुरूनही ओळखू येत होती. बाकीच्या एकसारख्या होत्या. साडेसहाशे माणसं उन्हातान्हात दारोदार फिरली होती, आणि खाली एकाच सहीला जागा होती. ‘साठ गावं तू मोजलीस’ असं अप्पा म्हणाले तेव्हा आपण ‘हो’ म्हटलं, हे त्याला आठवलं. आठवलं आणि त्याला लाज वाटली. किती वर्षांत वाटली नव्हती.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी दोनदा.

“अप्पा, यांना सांगा की खरं काय ते सांगा म्हणून.”

“ती खोटं कवा बोलली?” अप्पा म्हणाले.

“मग मी काय लिहू?”

 अप्पांनी डोळे मिटले.



मग गिरमलनं पेन बंद करून खिशाला लावलं. पुढे वाकला. नखानं आपलीच गाठ उकलायला लागला. बांधायला लागला त्याहून जास्त वेळ ती सोडवायला लागला, पण सुटली. धाग्याची दोन टोकं वेगवेगळी लोंबू लागली. तो उठला, बाजूला झाला.

“तुम्ही मारा,” तो निंगव्वाला म्हणाला.

तिनं दोन पावलं मागे घेतली. मागे भिंत होती.

“मी न्हाई, साहेब.”

“एकच आहे.”

“मला न्हाई जमायचं.”

“बाकीच्या सगळ्या तुमच्याच आहेत की.”

“त्या येगळ्या.” तिनं हात पदराआड घेतले. “चव्वेचाळीस वरसं झाली मला तान्यावर बसून. शेवटच्या धाग्याला मी कवा हात लावला न्हाई. अप्पा, सांगा की यास्नी. माग मठाचा. तुमी मारायची. मी कशी…”

तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. हात मांडीवर उताणे पडले होते. ते नको म्हणाले नाहीत, आणि हो म्हणाले नाहीत.

निंगव्वाला कुणीच सांगणारं उरलं नाही. तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला. मग पाटावर येऊन बसली.

पहाटेपासून एकदाही न चुकलेली तिची बोटं आता चुकत होती. जुनं टोक तिच्या हातून निसटलं. एकदा. दुसऱ्यांदाही. नवशिक्या पोरीला होतं तसं तिला होत होतं, आणि गिरमल पाहत होता. तिनं बोटं राखेत टेकवली. डोळ्यांतलं पाणी राखेत पडलं तेव्हा दुसऱ्या बाजूची कोरडी राख घेतली. दोन टोकं एकमेकांवर ठेवली आणि पीळ दिला.

गाठ बसली. बाकीच्या गाठींत ती कुठली, हे आता ओळखू येत नव्हतं.

ती उठली नाही. हात धाग्यांवर तसेच ठेवून बसून राहिली.

गिरमल खाली, जमिनीवर तिच्यासमोर बसला. फॉर्म गुडघ्यावर घेतला. या वेळी त्याचा आवाज सरकारी झाला नाही.

“हा ताणा कुणी सांधला?”

…

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

…

“मी,” निंगव्वा म्हणाली.

इतकं हळू, की त्याला तिच्या ओठांवरून समजून घ्यावं लागलं. मग तिनं घसा साफ केला आणि पुन्हा एकदा म्हटलं.

“मी सांधला.”

“नाव?”

“निंगव्वा बाळाप्पा हुक्किरे.”

“काम?”

“ताना सांधनं.”

“कुठं?”

“हितं. बेलगीत.”

त्यानं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं. चार हजार घरांच्या बेलगीचा हा पहिला कागद होता, ज्याच्यावर बाईच्या नावापुढची ‘काम’ची जागा रिकामी नव्हती.

निंगव्वानं पदर सारखा केला. “जाऊ मी, अप्पा? दवाखान्यात वाट बघत असतील.”

“जा,” अप्पा म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते.

ती गेली. दारात जरा थांबली, वळून मागाकडे पाहिलं आणि मग झपाझप पायऱ्या उतरली.

गिरमलनं फाईल उघडली. वरच साठ शहरांची यादी होती, सुबक टंकलेली, आणि तळाला त्याच्या सहीसाठी कोरी ओळ. घड्याळात तीन वाजून गेले होते. आता निघाला तर पाचला पोचता येणार होतं. सही केली नाही तर यादी जाणार नव्हती, दिल्लीला दुसरं कुणी जाणार होतं, आणि ज्या पद्धतीला त्याचं नाव होतं तिच्यावर कार्यालयातले लोक चहा पिताना हसणार होते. सही केली तर त्या दवाखान्याच्या दाराला कुलूप लागणार होतं. निंगव्वा आता तिकडेच निघाली होती.

ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. “साहेब, उशीर होतोय.”

गिरमलनं यादी फाईलमधून काढली. घडी केली, पुन्हा घडी केली, आणि पाटाखाली सरकवली. तिच्या जागी वर निंगव्वाचा फॉर्म ठेवला. फाईल आता फारच हलकी लागत होती, आणि त्याला भीती वाटली. लहानपणी शेवटच्या चिंचोक्यांवर येऊन चुकायचं तेव्हा वाटायची, तशीच.

“चार हजार घरं आहेत, अप्पा,” तो म्हणाला. “आणि गावं साठ.”

अप्पांनी रहाटाला हात घातला. भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली, रिकामी चढवली.

“परत एकापासनं,” ते म्हणाले.